जिजीच्या मरणाचे फोन

नदीवर आली की जिजी आधी उजव्या पायाचा अंगठा पाण्यात बुडवायची. मग तो वर काढून निरखून बघायची, अंगठ्यावर कुणी काही लिहून दिलंय अशा थाटात. आणि मग माझ्याकडे वळून, भुवया उडवून विचारायची, “काय म्हनस तुन्ही काठी?”

माझी काठी म्हणजे सरकारची काठी. प्रकाशाच्या घाटाच्या खालच्या अंगाला, तापीच्या पाण्यात, आकडे रंगवलेली एक उंच पट्टी रोवली आहे. पावसाळ्यात दर तासाला तिच्यावरचा आकडा वाचायचा, वहीत लिहायचा आणि ऑफिसला फोन करून कळवायचा, ही माझी नोकरी. हंगामी. जूनमध्ये लागायची, ऑक्टोबरात सुटायची. उरलेले महिने मी रनाळ्याला घरच्या शेतात. पण ते चार-पाच महिने मी स्वतःला फार मोठा माणूस समजायचो, हे आता कबूल करून टाकतो. घरी आम्ही सगळे अहिराणी बोलणारे, पण नोकरीवर मी शुद्ध बोलायचो. पँट घातली की शुद्ध.

“जिजी, सत्तर सेंटिमीटर वाढ आहे.”

“हाई सेंटीमीटर मन्हा घरमा नही शे. पायरी सांग.”

मग मी घाटाच्या पायऱ्या मोजून सांगायचो. सांगून झालं की ती आपल्या अंगठ्याकडे एकदा बघायची आणि म्हणायची, “हां. बरोबर म्हनस काठी.” म्हणजे परीक्षा माझी, काठीची नव्हे.

तुम्हीही पाहिली असेल अशी एखादी बाई. वय विचारलं तर म्हणते, तूच ठरव. अंगात हिरवं लुगडं, डोक्यावर माशांची पाटी, आणि जीभ अशी की समोरच्याला आधी सोलते आणि मग तिखटमीठ लावते. जिजी मासे विकायची. नवरा जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती. एकच मुलगी, ती लग्न होऊन गेलेली. घाटाला लागून, अगदी नदीच्या काठावर, पंधरा-वीस घरांची खालची आळी आहे. तिथं जिजी एकटी राहायची. एकटी म्हणजे एक बकरी आणि ती. दोघींचं पटायचं नाही.

माझं आणि तिचंही आधी पटत नव्हतं. पहिल्याच वर्षी माझी एक फजिती तिनं पकडली. पाऊस जोराचा होता, मी पायात नवे बूट घातलेले, आणि चिखलात उतरायचं जिवावर आलेलं. मी ताडपत्रीच्या आडोशाला बसून लांबूनच आकडा वाचत होतो. दोन तास आकडा काही हलेना. मी खूश. ऑफिसला छाती काढून कळवलं, पाणी स्थिर आहे. तेवढ्यात जिजी पाटी घेऊन आली, कमरेवर हात ठेवून काठीकडे बघत राहिली आणि म्हणाली, “भाऊ, तुन्ही काठीले झाडू लागेल शे.” जाऊन बघतो तर वरून वाहत आलेला पऱ्हाट्यांचा, कपाशीच्या वाळक्या काटक्यांचा, भारा पट्टीला अडकलेला. मी दोन तास आकडा नव्हे, पऱ्हाट्या वाचत होतो.

तिनं ही गोष्ट कुणाला सांगितली नाही. तो तिचा मोठेपणा. पण मला विसरूही दिली नाही. मासे घ्यायला गेलो की मरळ हातात धरून विचारायची, “देखास का भाऊ तुले, का ही बी पऱ्हाटी वाटस?”

आता ओटीचं सांगतो, नाहीतर जिजी तुम्हाला कळायची नाही.

तापीला पूर आला की खालच्या आळीतल्या बायका तिची ओटी भरतात. खण, नारळ, तांदूळ, हिरव्या बांगड्या, हळद-कुंकू. ओटी पाण्यात सोडली की माय शांत होते आणि मागं सरते, असा तिथला विश्वास. विश्वासाबद्दल माझं काही म्हणणं नाही. माझी आईही भरते. पण खालच्या आळीचं एक होतं. एकदा का ओटी पाण्यात गेली, की तिथला माणूस घरातला माठ इकडचा तिकडं करायचा नाही. सामान उचलायचं म्हणजे मायवर अविश्वास दाखवायचा. ओटी भरून घेतली आणि तरी आली, तर लोक म्हणतील तुमच्याच घरात काहीतरी खोट असेल. मग कोण उचलतो? चुलीजवळ पाणी येईपर्यंत बसून राहायचे.

पहिल्या ओटीचा मान जिजीच्या घराचा. सासूकडून तिच्याकडे आलेला. तिची झाल्याशिवाय दुसरीनं भरायची नाही.

त्या पहिल्या वर्षी मोठं पाणी आलं तेव्हा मी शिट्टी फुंकत आळीतून फिरत होतो. घरं खाली करा, घरं खाली करा! कुणी हलेना. एक म्हातारे म्हणाले, “ओटी होऊ द्या साहेब, मंग देखू.” मी तणतणत जिजीकडे गेलो. ती घाटावर बसून नारळ बघत होती.

“हाई नारयले शेंडी बरोबर नही. दुसरं आना.”

दुसरं आणलं. कानाशी धरून हलवलं. “पानी बोलत नही याम्हा. तिसरं आना.” बाया पळाल्या. तिसरं आलं तर खणाचा रंग चालेना. मग हळद जुनी निघाली. मग तिला आठवलं की आपण आज डोक्यावरून न्हालेलो नाही. “आते न्हासू, मंग भरसू. तवलगून तुम्ही रिकामा बसा नका. गोधड्या वर टाका. बकऱ्या शायामा लई जा. पोरेस्ले धाडा वर. पह्यले गोधडी वर, मंग नारय!”

आळी चरफडत होती. पण पहिली ओटी तिची, करता काय? रिकाम्या हातांनी बसवेना म्हणून लोक पोती उचलू लागले. एकानं उचललं की शेजारचा उचलतो. जिजी न्हाऊन, केस पुसून, कपाळावर मोठं कुंकू रेखून येईपर्यंत सगळी आळी वरच्या शाळेत पोचली होती, आणि पाणी पहिल्या घराच्या उंबऱ्याला लागलं होतं. त्या वर्षी ओटी घाटावर भरावीच लागली नाही. नदी स्वतःच ती घ्यायला दारात आली.

मी मात्र तिच्यावर उखडलो. म्हटलं, “जिजी, इथं माणसांचे जीव चाललेत आणि तू नारळाची शेंडी बघत बसतेस?”

तिनं लुगड्याचा पदर पिळला आणि शांतपणे म्हणाली, “पह्यलं नारय चांगलंच व्हतं रे येड्या.”

त्या दिवसापासून मी तिच्याशी शुद्ध बोलणं सोडलं.

तिची मुलगी कुठं दिली होती? दिली होती जवळच, पण जावई कामासाठी गुजरातेत गेला तो आधी उसावर, मग कुठं कुठं, आणि शेवटी सुरतेच्याही पलीकडे, तापी समुद्राला मिळते तिथं. तिकडं खाडीच्या काठानं कोळंबीचे तलाव आहेत, मैलोन्मैल. जावई त्यातल्या चार तलावांचा राखणदार. तलावाच्या पाळीवरच झोपडी. एका अंगाला तलाव, दुसऱ्या अंगाला खाडी, मध्ये बैलगाडीएवढी पाळ, आणि त्या पाळीवर ही नवराबायको, दोन पोरं आणि धडगावकडची, सातपुड्यातली, आणखी काही कुटुंबं. डोंगरातून उतरलेली माणसं ती. त्यांनी आयुष्यात एवढी सपाट जमीन पाहिली नव्हती.

धाकट्या नातवाच्या बाळंतपणाला जिजी तिकडं महिनाभर राहून आली. आल्यावर आठवडाभर मासे विकले नाहीत, नुसतं सांगत सुटली.

“तठे नदी उलटी येस! दिवसमातून दोन सावा! जास, आनि परत येस, सासरथीन रुसीसन येल पोरसारखी!”

लोक हसले. मी तिला समजावलं, जिजी, ही भरती-ओहोटी. चंद्रामुळं समुद्र वर येतो, अमावस्येला-पुनवेला जास्त, आणि मग नदीचं पाणी आत जाऊ शकत नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं. रागावली मात्र समुद्रावर.

“इतली लांबथीन जास मन्ही नदी, आनि तो दार लाई लेस? पाव्हनी उनी ते दार लावतस का?”

“दार लाई लिधं ते मंग पानी कोठे जाई?” मी सहज म्हणून गेलो.

“कोठे जाई? दारम्हा मन्ही आंडेर, मन्ही पोर, बठेल शे ना. तिना घरमा जाई.”

इतकी वर्षं मी पाणी मोजत होतो, चढलं किती, उतरलं किती. इथून उतरलेलं पाणी पुढं कुणाच्या तरी उंबऱ्याला चढतं, हे माझ्या वहीत कुठंच नव्हतं. खरं सांगतो, मला लाज वाटली.

त्या पावसाळ्यापासून जिजीच्या ओटीचे शब्द बदलले. आधी ती म्हणायची, “पुढे जाय माय, आम्हले सोड.” आता हात जोडून तिला हळू जायला सांगू लागली, “हयू जाय माय. पुढे मन्ही पोर शे.” आळीतल्या बाया संतापल्या. एकजण तर तोंडावर बोलली, “वं जिजी, तुन्ही पोर तठे, पन आम्हना चुल्हा आठे शे! हयू गयी ते आम्हना घरमाच ऱ्हाई ना ती!” जिजीनं विचार केला. मग नदीला म्हणाली, “जरासी लवकर हयू जाय.” आता यातून नदीनं काय समजायचं ते समजावं.

आणि मला लागलं नवीन काम. जिजीकडे फोन नव्हता. लेकीचा नंबर माझ्या फोनमध्ये. काठीचा आकडा वहीत चढला की ती माझ्या खांद्याशी उभी. “लाव. सांग तिले, पानी निंघनं.”

“पह्यले ऑफिसले सांगू दे.”

“ऑफिसनी पोर तठे पाळवर शे का?”

मी म्हणायचो, जिजी, मध्ये एवढं मोठं धरण आहे, आपलं पाणी तिथं थांबतं, लगेच काही तुझ्या लेकीच्या दारात जात नाही. ती म्हणायची, “धरनले बी पोट शे. भरनं का ओकस.” मग काय, मी लावायचो. लेक हसायची. जावई म्हणायचा, भाऊ, जिजीले सांगा, आम्ही मजामा शेतस. आणि दोघं पाळीवरच राहायची. दुसरीकडं जाणार कुठं? राखणदारानं तलाव सोडला तर मालक दुसरा राखणदार बसवतो. आणि राखणदारी गेली म्हणजे झोपडीही गेली.

जिजीचा घोर एवढाच होता. तिच्या लेकीनं, नातवंडांनी त्या पाळीवरून वेळेवर खाली उतरावं. म्हणजे, वर चढावं. तिकडं वर म्हणजे काय, तर तासाभराच्या वाटेवरची डांबरी सडक.

मग तो श्रावण आला. पोळा दोन दिवसांवर, म्हणजे अमावस्या दोन दिवसांवर. वरच्या खोऱ्यात चार दिवस पाऊस कोसळत होता आणि तापीचं पाणी काळं झालं होतं. झाडं वाहत येत होती, मुळांसकट. मी दर तासाला नव्हे, दर पंधरा मिनिटांनी काठी वाचत होतो. बूट केव्हाच काढून ठेवले होते.

जिजी आली. तिनं अंगठा बुडवलाच नाही. त्या दिवशी तशी जागाच नव्हती. घाट पाण्याखाली होता.

“कितल्या पायऱ्या ऱ्हायन्यात?”

“चार.”

“आनि अवस परवदिन.” ती पुटपुटली. “दार लाईसन बठेल व्हई तो. लाव फोन.”

मी लावला. स्पीकरवर ठेवला. लेक म्हणाली, खाडी रात्रीपासून भरलेलीच आहे, ओसरायला तयार नाही. पण कोळंबी आठ दिवसांत निघायची आहे, मालक म्हणतो, आता गेलात तर परत येऊ नका. जिजी ओरडली, शिव्या दिल्या, मालकाला, समुद्राला, जावयाला. जावयानं फोन घेतला. गरीब माणूस तो, सासूपुढं कधी आवाज चढवला नाही. म्हणाला, “जिजी, दरसाल पानी येस. पाळ शे ना. काही व्हत नही. धाकल्यासारखं रडा नका.”

फोन बंद झाला. जिजी माझ्या ताडपत्रीखाली दगडावर बसली. हात मांडीवर, डोळे नदीवर.

मग म्हणाली, “लाव परत. त्याले सांग, जिजी गयी.”

“कोठे गयी?”

“कोठे गयी काय? मरनी! सांग, घाटवर पाय घसरना, पडनी आनि मरनी. माती सकाय. जावई येवाशिवाय उचलनार नही, असं भाऊबंद म्हनतस.”

मी उडालोच. म्हटलं, जिजी, तोंड धू आपलं. जित्या माणसाच्या मरणाचा निरोप मी देणार नाही. ती म्हणाली, “मरानी खोटी बातमी उठनी का आयुष्य वाढस. मन्हंच भलं व्हई.”

“तुन्हं आयुष्य वाढी. मन्ही जिभनं काय?”

“तुन्ही जिभले सवय शे. पऱ्हाटीना आकडा सांगा ना तिनी ऑफिसले?”



आणि ती बरोबर बोलत होती. पाणी येतंय म्हणून सांगितलं तर कुठला मालक सुट्टी देतो? पण सासू मेली, माती खोळंबली, म्हटल्यावर कोण अडवणार? आमच्याकडं जावई माणूस सासऱ्याच्या दारी एक वेळ लग्नाला नसला तरी चालतो, मातीला लागतोच. बायकोला घेऊन, पोरांना घेऊन. आजीचं तोंड पोरांनी बघायला नको का?

मी फोन लावला. माझा आवाज फाटला. नाटक करावं लागलं नाही. समोर बसलेल्या जित्या बाईबद्दल ‘जिजी गयी’ म्हणताना मला खरंच रडू फुटलं. आणि ही बया शेजारून कोपरानं ढोसत होती, “तोंडमा पानी बी गयं नही, सांग. पोरेस्नं नाव लेत व्हती, सांग.” तिकडं लेकीनं जो हंबरडा फोडला तो ऐकल्यावर मात्र जिजी ढोसायची थांबली. पदर तोंडात कोंबून तिनं मान फिरवली.

त्या दुपारी तिनं खालच्या आळीची ओटी आणखीच लांबवली. नारळ पाच नाकारले. आळी अख्खी वर गेली. पण तिचं लक्ष नव्हतं तिथं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती चौघं आली. विसरवाडीला बस मिळेना म्हणून तिथून नंदुरबारपर्यंत ट्रकमध्ये, पुढं जीपमध्ये. लेक गावाच्या तोंडापासून रडत आली, “वं माय, मन्ही माय वं…” आळी पाण्याखाली, म्हणून माणसं तिला शाळेकडं घेऊन आली. शाळेच्या व्हरांड्यात तीन दगडांच्या चुलीवर जिजी भाकरी थापत होती.

लेकीचा सूर मध्येच तुटला.

जिजी मान वर न करता म्हणाली, “रडनं व्हई गयं व्हई ते पाय धोय. भाकर गरम शे.”

लेक धावून गेली आणि आईला मारायला लागली. खरंखुरं, पाठीवर, दोन्ही मुठींनी. जिजी मार खात होती आणि भाकरी उलटत होती, करपू नये म्हणून. जावई भिंतीला टेकून खाली बसला, टोपी काढून हातात घेतली आणि माझ्याकडं असं बघितलं की मला भूमी दुभंगावी असं झालं. मालकाच्या ओट्यावर डोकं आपटून तो रजा मागून आला होता. दोघंही जिजीशी बोलेनात. भाकरीला हात लावीनात. पोरं तेवढी जेवली. आजीनं मरून उठणं त्यांना फार आवडलं होतं.

संध्याकाळी जावयाच्या फोनवर पाळीवरच्या शेजाऱ्याचा फोन आला. वरून धरणाचं पाणी आणि समोरून अवसेची भरती, दोन्ही एका वेळी आली. पाळ तीन जागी फुटली. धडगावची माणसं पंपाच्या पक्क्या खोलीच्या छतावर चढून बसली, ती वाचली. ह्यांची झोपडी गेली. झोपडी होती ती पाळही गेली; तिथं आता नुसती खाडी आहे, शेजारी म्हणाला.

जावयानं फोन खिशात ठेवला. उठला, चुलीजवळ जाऊन बसला, आणि म्हणाला, “जिजी, भाकर द्या.”

जिजीनं त्याच्या हातावर भाकरी ठेवली आणि मग रडली. एवढी रडली की लेकीला तिची समजूत काढत बसावं लागलं.

तुम्हाला वाटेल, त्यानंतर ती माणसं परत तिकडं गेली नसतील. गेली. दीड महिन्यानं मालकानं नवी पाळ घातली आणि बोलावलं. इकडं त्यांच्यासाठी कुठलं काम थांबलं होतं? जिजी निरोप देताना म्हणाली, “जा. मन्हा मरनले तयार ऱ्हावा.”

आणि तसंच झालं. पुढच्या पावसाळ्यात जिजी एकदा मेली. त्याच्या पुढच्या पावसाळ्यात दोनदा. आता जावयाला माहीत होतं, मला माहीत होतं, पाळीवरच्या शेजाऱ्यांनाही माहीत होतं. माझा फोन गेला, “जिजी गयी,” की जावई चेहरा पाडून मालकाकडं जायचा. मालकानं एकदा विचारलं म्हणे, अरे, तुला सासवा किती? जावई म्हणाला, शेट, ही चुलत. दरवेळी इथवर यायचीही गरज उरली नाही. सडकेवर जायचं, ओळखीच्या गॅरेजच्या शेडमध्ये दोन दिवस काढायचे, पाणी उतरलं की परत. धडगावची कुटुंबंही त्यांच्यामागं निघायची. त्यांची सासू इकडं कशी मरते, हे त्यांनी मालकाला कसं पटवलं ते मला ठाऊक नाही.

मी जिजीला चिडवायचो, “आते तुन्हं आयुष्य दोनशे वरीस व्हई गयं देख. आम्ही बठ्ठा जासूत आनि तू मासा इकत बठशी.” ती म्हणायची, “मंग तुले शेवटली मरळ फुकट.”

ती फाल्गुनात गेली. माझी नोकरी तेव्हा बंद, मी रनाळ्याला हरभऱ्याच्या खळ्यावर होतो. खालच्या आळीतून फोन आला. आदल्या दिवशीपर्यंत मासे विकले. त्या दिवशी जेवून दुपारची आडवी झाली ती उठली नाही. बकरी ओरडायला लागली म्हणून शेजारीण बघायला गेली. “भाऊ, पोरना नंबर तुम्हनाकडेच शे,” म्हणाले.

मी मोटारसायकल काढली. पोचलो तेव्हा जिजीला अंघोळ घातलेली होती. हिरवं लुगडं, कपाळावर मोठं कुंकू लावायचा बायांचा हट्ट आणि विधवेला कसं लावायचं हा भावकीचा वाद; शेवटी बायांनी लावलंच. नाहीतरी ओटीच्या दिवशी ती लावायचीच. मी अंगणात उभा राहून फोन लावला.

जावयानं उचलला.

“जिजी गयी,” मी म्हणालो.

“बरं भाऊ. निंघतस आम्ही.” आणि फोन बंद. इतका शांत, इतका झटपट, की मला कळायला वेळ लागला. मी परत लावला. लागेना. परत लावला. बहुतेक तो पोरांना हाका मारत असेल, गोधड्या बांधत असेल. फाल्गुनात पूर कुठला, असा प्रश्न त्याला पडला नाही. अवसेच्या भरतीला तिकडं उन्हाळ्यातही पाळीवरून पाणी येतं, आणि जिजीनं सांगितलं म्हणजे सांगितलं.

दीड तासानं लेकीचा फोन आला. धापा टाकत होती, पण आवाज खुशीत. मागं पोरांचा दंगा, कुणाची तरी कोंबडी, एक बाई धडगावकडच्या पावरी बोलीत काहीतरी मोठ्यानं बोलत होती.

“भाऊ, आम्ही बठ्ठा सडकवर शेतस. धडगाववाला बी लई उनूत. कोनी खाले नही, एक बी मानूस नही. दे ना तिले फोन, मीच सांगस.”

आळीतली माणसं माझ्याकडं बघत होती.

मी आत गेलो, जिजीच्या बाजेशी खाली बसलो आणि फोन तिच्या कानाला लावून धरला. लेक तिकडून एकेकाचं नाव घेऊन सांगत राहिली, कोण कोण वर आलं ते.